कमी काम केलं म्हणून पाच स्टार : पेठेतले बाइंडर काका आणि आमची 'मोठी किताब'

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. काकांनीच हात जोडले, म्हणाले नाव टाकलंत की पोरं कॉलेजचे प्रोजेक्ट स्पायरल करायला येतात आणि मग मला ओरडावं लागतं, बीपीची गोळी चालू आहे. ज्याला खरंच गरज आहे त्याने अप्पा बळवंत चौकात दोन-तीन जुन्या पुस्तकवाल्यांना विचारावं, मलाही पत्ता तसाच मिळाला. खूण म्हणजे दारावरची पाटी. "लॅमिनेशन करून मिळणार नाही. का, ते विचारू नये." मी विचारलं. ते पुढे येतंच.

आमचं घर कोकणी मुसलमानांचं, मूळ दापोलीकडचं. अब्बा नोकरीला म्हणून खडकीला आले ते इथलेच झाले, आता आम्ही कोंढव्यात. गावच्या घरातून जे काही पुण्यात आलं त्यात दोन पितळी हंडे, एक शिसवी पाळणा आणि एक अरबी पोथी. घरात तिला सगळे 'मोठी किताब' म्हणायचे. हिरव्या कापडात गुंडाळून ट्रंकेत, वर मूठभर डांबरगोळ्या. दादी दर मे महिन्यात सांडगे-पापडांबरोबर तिलाही गच्चीत उन्हं दाखवायची, आणि आम्हा पोरांना कावळे हाकलायला बसवायची, पापडांसाठी की किताबेसाठी ते कधी विचारलं नाही. आत काय लिहिलंय हे घरात कुणाला माहीत नव्हतं. आम्ही सगळे कुराण वाचू शकतो पण जेर-जबर लावलेलं, इथे नुसती अक्षरं, एक मात्रा नाही, आणि बारीक हात.

दादी गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. उघडली तर खालचा अर्धा इंच भुसा. कसर. पुठ्ठ्याचा कणा सुटलेला, पहिली वीसेक पानं वेगळी, आणि चाचांनी कधीतरी प्रेमाने लावलेल्या सेलोटेपच्या पट्ट्या आता चहाच्या डागासारख्या तपकिरी झालेल्या. मग मी शहाणपणा केला. एका चांगल्या मोठ्या, एसीवाल्या दुकानात घेऊन गेलो (कुठल्या ते सांगत नाही, रस्ताही सांगत नाही), काउंटरवरच्या मुलाला म्हटलं सँपल म्हणून एक पान नीट करून दाखव. तो म्हणाला दहा मिनिटं थांबा. दहा मिनिटांनी शेवटचं पान प्लास्टिकमध्ये गरम गरम बाहेर आलं, पापडासारखं. कडक. चकाकतंय. मला तेव्हा ते छान वाटलं हो, खोटं कशाला बोलू. घरी अब्बांना दाखवलं तर त्यांनी जेवण अर्धं टाकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटचं पान म्हणजे ज्याने पोथी लिहिली त्याने स्वतःबद्दल जे चार शब्द लिहिले ते पान. तेच नेमकं.

इतकी पार्श्वभूमी सांगायचं कारण, काकांकडे जाईपर्यंत मला एवढंही कळत नव्हतं की मी नक्की काय दुरुस्त करायला चाललोय. म्हणून आधी ओळखीच्या एका मौलानांकडे गेलो, ते मदरशात शिकवतात. त्यांनी पहिलं पान बघितलं, चार ओळी मनातल्या मनात वाचल्या आणि म्हणाले, अरे ही तर मिन्हाज आहे. मिन्हाजुत्तालिबीन, इमाम नववींची. आणि मग दीड तास ते बोलत होते आणि मी नुसता ऐकत होतो, त्यांची असरच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा कुठे थांबले.

तर थोडक्यात. इमाम नववी सीरियातल्या नवा नावाच्या गावचे, १२७७ मध्ये गेले, वय जेमतेम पंचेचाळीसच्या आतबाहेर. मिन्हाज म्हणजे शाफई मजहबचं, इमाम शाफईंच्या पंथाचं, कायद्याचं पुस्तक, फिकहचं, पाण्यापासून सुरू होतं आणि नमाज, रोजा, जकात, खरेदीविक्री, गहाण, वारसा, लग्न, तलाक, गुन्हे, साक्षी-पुरावे असं करत करत शेवटी गुलामांच्या सुटकेपर्यंत जातं. देशात बहुतेक मुसलमान हनफी, पण आम्ही कोकणातले शाफई, तसेच भटकळचे आणि केरळचे, कारण समुद्रावरून अरबांशी जो येण्याजाण्याचा धंदा होता त्याबरोबर हा मजहब आला. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१), ज्यांच्या उरुसाला मुंबई पोलिसांची पहिली चादर चढते, तेही शाफईच. म्हणजे आमच्या ट्रंकेत ही असणं काही चमत्कार नव्हता, ते आमचं रोजचं पुस्तक होतं, आपल्याकडे जुन्या वाड्यात पंचांग निघावं तसं.

मला सगळ्यात मजा कशाची वाटली सांगू, यात रेटिंग सिस्टीम आहे. खरंच. एकाच प्रश्नावर इमाम शाफईंची स्वतःचीच दोन-दोन मतं असतात, कारण ते आधी इराकात होते, मग इजिप्तला गेले आणि तिथे बरीच मतं बदलली. जुन्याला कदीम म्हणतात, नव्याला जदीद. मग नववी सांगतात कुठलं धरायचं, आणि ते सांगताना शब्द नेमून घेतलेत. 'अजहर' म्हटलं की हे मत जास्त उघड आहे पण समोरचंही दमदार आहे. 'मशहूर' म्हटलं की समोरचं कमजोर. शिष्यांच्या मतांमध्ये निवडायचं असेल तर 'असह' आणि 'सहीह', पुन्हा तोच फरक. आणि 'कीला', म्हणजे 'असंही म्हटलं गेलंय', आलं की समजायचं हे पडेल मत. एका शब्दात निकाल पण आणि विरुद्ध बाजूची ताकद पण. आपण इथे नुसते तारे देत बसतो.

पाण्याचा मसला तर मौलानांनी वाचूनच दाखवला. दोन कुल्ले, म्हणजे दोन मोठे रांजण म्हणा, एवढं पाणी साठलेलं असेल तर त्यात घाण पडली म्हणून लगेच नापाक होत नाही, रंग-वास-चव बदलली तर होतं. आणि दोन कुल्ले म्हणजे किती, तर पाचशे बगदादी रतल, 'तकरीबन', 'असह' मतानुसार. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात अंदाजे असं लिहिलंय आणि वर हेही की अंदाजे धरणं हेच जास्त बरोबर. आजच्या हिशोबात दोनशे लिटरच्या आसपास धरतात. आमच्या सोसायटीच्या गच्चीत निळा ड्रम आहे तेवढा बरोबर. टँकर येत नाही तेव्हा त्यातलं पाणी वापरायचं का यावर गेल्या उन्हाळ्यात मीटिंगमध्ये जी मारामारी झाली ती आठवून मला तिथेच हसू फुटलं.

आता दुकान. जिना अरुंद, गाडी लावायला जागा शून्य, रिक्षाने जा. वर एक लांबडी खोली, खिडकीशी मोठं टेबल, लोखंडी दाबयंत्र, दोऱ्याची रिळं, आणि एका कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी, तिच्यावर खळ शिजत असते. काका सत्तरीचे, त्यांचे वडील पण बाइंडरच. पिशवी उघडायच्या आधी उठून साबणाने हात धुतले, टॉवेलने कोरडे केले, मग म्हणाले, "तुमच्यात याला हात लावायचे काही नियम आहेत का? असतील तर सांगा, मला वाईट नाही वाटणार." मी म्हटलं कुराण नाहीये काका, कायद्याचं पुस्तक आहे, पण कुराणातल्या आयती आहेत अधूनमधून. "मग खाली जमिनीवर ठेवायचं नाही एवढं तर कळलं," म्हणाले, आणि टेबलावरची खळीची वाटी आधी लांब नेऊन ठेवली. त्यांच्या भाच्याला रील करायची होती म्हणून तो पांढरे हातमोजे घालून आला, तर त्याच्यावर असे खेकसले. मोज्याने कागदाची कड लागत नाही बोटाला, पान फाटतं. कोरडा स्वच्छ हात बरा.

मी घरून यादी करून नेली होती. पानं पांढरी करायची, कडा एकसारख्या कापायच्या, भोकं बुजवायची, पुसट झालेली अक्षरं गिरवून काळी करायची, वर मरून लेदरचं कव्हर आणि त्यावर सोनेरी अक्षरं, आणि मग ते काचेच्या कपाटात हॉलमध्ये. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "यातलं एकही करणार नाही. चहा घेणार?"

चहा घेतला. (बरा होता. साखर जास्त.)

आधी त्यांनी एक सुटं पान खिडकीसमोर धरलं. विलायती कागदात आत कंपनीचं चिन्ह दिसतं उजेडात, इथे काही नाही, नुसत्या बारीक रेषा, गवताच्या चाळणीच्या. हातकागद, देशी. मग गालाजवळ नेऊन नखाने हलकेच टिचकी मारली, म्हणाले घोटलेला आहे बघा, खळ देऊन दगडाने घोटायचे तेव्हा, म्हणून बोरू सुळकन चालतो आणि शाई फुटत नाही. काळी शाई काजळीची, ती काही होत नाही, पाणी लागलं तरच जाते. लाल शाई हिंगुळाची. हे सगळं बोलताना ते माझ्याकडे बघतच नव्हते, पानाशीच बोलत होते.

पहिल्या पानाच्या वर कोपऱ्यात काहीतरी तीनदा लिहिलेलं आहे, ते काय म्हणून काकांनी विचारलं. ते मला मौलानांनी सांगितलं होतं, 'या कबीकज', म्हणजे 'हे कबीकज'. कबीकज हे मुळात एका विषारी झाडाचं नाव, पण पुढे नकला करणाऱ्यांमध्ये असा समज झाला की हा किड्यांचा राजा, त्याला हाक मारून ठेवली की बाकीचे किडे पोथी खात नाहीत. तीनदा हाक मारलीये आणि तिसऱ्या कबीकजच्या मधोमध कसरीचं भोक. काका इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग म्हणाले आमच्याकडे पोथीच्या शेवटी असतं, तैलाद् रक्षेत् जलाद् रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्, तेलापासून वाचवा, पाण्यापासून वाचवा, सैल बांधणीपासून वाचवा, आणि मूर्खाच्या हातात देऊ नका असं पुस्तकच म्हणतं. आणि मग ते प्लास्टिकमधलं शेवटचं पान उचलून, "बंधन शिथिल झालेलंच आहे, आणि हेही एक जाऊन आलं."

त्या पानाचं काय करता येईल विचारलं. काही नाही, म्हणाले. गरम चिकट प्लास्टिक कागदाच्या आत मुरतं, ओढायला गेलो तर अक्षरं प्लास्टिकबरोबर येतील. राहू दे तसंच, निदान शब्द वाचता येतात. हे ऐकून खरं तर मी खचलो, कारण मला वाटलं होतं इतकं नाव ऐकलंय तर हे काहीतरी करतील. पण नाही येत म्हणून सरळ सांगणारा माणूस मला या सबंध प्रकरणात पहिल्यांदा भेटला. त्या पानावर तारीख आहे, शाबान १२११ हिजरी, म्हणजे १७९७ च्या फेब्रुवारीच्या सुमाराचं. इकडे पुण्यात दुसरा बाजीराव नुकताच गादीवर बसलेला. तिकडे किनाऱ्याला कुणीतरी बोरूने गुलामांच्या सुटकेचं शेवटचं प्रकरण संपवून स्वतःला गुनाहगार फकीर म्हणून वाचणाऱ्याकडे दुआ मागतोय. ओळी खाली येत येत निमुळत्या होतात, उलट्या त्रिकोणासारख्या, आणि ट्यूबलाइट लावली की सगळं पान आरशासारखं चमकतं, तिरकं धरल्याशिवाय वाचता येत नाही. ते मी केलंय.

काम काय केलं ते सांगतो. सगळ्यात आधी पंधरा दिवस काहीच नाही, काळ्या कागदावर बंद डब्यात ठेवून दिली, खाली ताजा भुसा पडतो का बघायला. नाही पडला, म्हणजे कसर आता आत नाही. मग पान अन् पान मऊ ब्रशने झाडलं. चाचांच्या सेलोटेपा एक-एक करून काढल्या, टेप निघाली, डाग राहिले, ते काढायला रसायन वापरलं तर कागद जाईल म्हणून डाग तसेच. भोकांच्या जागी आणि फाटलेल्या कडांना जपानी टिश्यू, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ, पातळ खळीने चिकटवलेला. खळीत मोरचूद घालत नाहीत आता, वडील घालायचे किडे लागू नयेत म्हणून, पण त्याने कागद पुढे जळतो म्हणे. आणि ही खळ हवी तेव्हा पाण्याने सुटते, म्हणजे उद्या कुणाला यापेक्षा चांगलं काम करता आलं तर त्याची वाट अडवलेली नाही.

मला वाटलं टिश्यू पानाच्या रंगाचा हुबेहूब मिळवून लावतील. नाही. मुद्दाम अर्धी छटा फिका. हातभरावरून दिसत नाही, डोळ्यासमोर धरलं की कळतं इथे जोड आहे. मी कुरकुरलो, एवढे पैसे घेताय तर जोड दिसायला नको ना. काका म्हणाले, "मी केलेलं आणि मूळचं, यात फरक कळलाच पाहिजे. नाहीतर मी लबाडी केली."

आता ऐका. हेच मी काकांकडे यायच्या आधी मौलानांकडून ऐकून आलो होतो, वेगळ्या गोष्टीबद्दल. मिन्हाज हे नववींनी शून्यातून लिहिलेलं पुस्तक नाही, कझवीनचे इमाम राफई होते, त्यांचं मुहर्रर नावाचं पुस्तक, त्याचा हा संक्षेप आहे. पण जिथे नववींना राफईंचं पटत नाही किंवा स्वतःचं काही घालायचं असतं तिथे ते आधी 'कुल्तु' लिहितात, म्हणजे 'मी म्हणतो', आणि बोलणं संपलं की 'वल्लाहु आलम', अल्लाह जास्त जाणतो. प्रस्तावनेत स्वतःच सांगून ठेवलंय की असं करणार आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कापडाला लावलेलं ठिगळ कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते उसवून बघायला नको. आमच्या पोथीत लिहिणाऱ्याने प्रत्येक 'कुल्तु' हिंगुळाने लाल केलाय. एका पानावर असं झालंय की लाल कुल्तु, त्याच्या शेजारी कसरीचं भोक, भोकावर काकांचा फिका टिश्यू. मी ते काकांना दाखवलं, सगळं समजावून सांगितलं. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुमचे नववी बाइंडर म्हणून चालले असते." एवढंच, आणि दोऱ्याला मेण लावायला लागले.

कडा कापायला नकार का दिला ते पण तेव्हा कळलं नव्हतं, नंतर कळलं. ही पोथी आधी एकदा कुणीतरी बांधलेली आहे, साठ-सत्तर वर्षांपूर्वी असेल, आणि त्याने मशीनवर कडा साफ कापल्यात. समासात जे लिहिलं होतं ते पाती फिरेल तिथपर्यंत गेलं. वारशाच्या प्रकरणात, फराइजमध्ये, पानं सगळ्यात जास्त मळलेली आहेत, अंगठ्याचे काळे ठसे, तेलाचे डाग, नमाजच्या प्रकरणापेक्षा कितीतरी जास्त, यावरून आमचे पूर्वज कशासाठी पुस्तक उघडत होते ते समजा. तिथे एका समासात अरबी नाही, मोडी आहे. मला मोडी येत नाही पण आकडे तर आपलेच. एकाखाली एक, ३, ४, १२, आणि चौथा आकडा कापला गेलाय, वरचं फक्त टोक शिल्लक. मी अकाउंट्समध्ये आहे, उभा आकडा दिसला की बेरीज आपोआप होते. १९. पण १९ ची वाटणी कोण करतं? मौलानांना फोटो पाठवला तर दोन मिनिटांत उत्तर. माणूस गेला, मागे बायको, आई, एक मुलगी आणि भाऊ. बायकोला आठवा हिस्सा, आईला सहावा, मुलीला अर्धा. छेद २४. तीन, चार, बारा, आणि उरले ते पाच भावाचे. कापलेला आकडा ५. ताळा जुळला. आमच्या घराण्यात कुणीतरी काझीचं काम बघायचं असं दादी सांगायची, आम्ही हो हो म्हणायचो. कोकणातला काझी, अरबीत कायदा वाचतोय आणि हिशोब मोडीत करतोय, कारण ज्यांची वाटणी करायची त्यांना मोडीच कळणार ना. त्या भावाचे पाच हिस्से त्याला मिळाले, पण आकडा त्या मशीनवाल्याने खाल्ला.

बांधणीचं सांगायचं राहिलं. चार-चार घड्यांचा गठ्ठा असतो त्याला बाइंडर जुज म्हणतात, तो शब्दच मुळात अरबी. जुन्या शिवणीचीच भोकं वापरली, नवी पाडली नाहीत. आणि शिवताना काकांनी पकडलं की दोन पानं उलटसुलट आहेत, आधीच्या बाइंडिंगवाल्याने लावलेली. अरबीचं एक अक्षर येत नाही या माणसाला! झालं असं, या पोथ्यांमध्ये पानावर नंबर नसतात, डाव्या पानाच्या जागी उजवं गेलं तर कळणार कसं, म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी कोपऱ्यात तिरका एक शब्द लिहितात, तो पुढच्या पानाचा पहिला शब्द. अंताक्षरीच. काकांनी भिंग घेऊन २०६ पानांचे कोपरे पुढच्या पानाशी नुसत्या आकारावरून जुळवले, जिथे जुळेना तिथे चिठ्ठी ठेवली. तीन चिठ्ठ्या. मौलानांनी बघितलं, दोन ठिकाणी खरंच पानं उलटी, आणि तिसरीकडे लिहिणाऱ्याचीच चूक. म्हणजे काका तिन्ही ठिकाणी बरोबर.

आता तक्रारी, कारण आहेत.

वेळ. तीन महिने सांगितले, सात लागले. जूनमध्ये दिली ही माझी चूक म्हणे, पावसात खळ वाळत नाही, बुरशी धरते, त्यामुळे श्रावण-भाद्रपद काम बंद, दसऱ्यानंतर बघू. हे पोथी ताब्यात घेताना सांगायला काय झालं होतं? फोन उचलत नाहीत. उचलला तर "झालं की मी करीन ना फोन" आणि ठेवून देतात.

पैसे. सगळं मिळून अडतीस हजार झाले, स्कॅनिंग आणि कापडी बॉक्स धरून. बायको अजून अधूनमधून हा आकडा उच्चारते. मी हिशोब केला तर २०६ पानं, पानाला दोनशेही पडत नाहीत, आणि एकेका पानावर त्यांनी तासभर घातलेला मी स्वतः बघितलाय, तरी आकडा आकडाच.

स्कॅनिंग. हे भाच्याकडे आहे आणि इथे मात्र घोळ. पोथी सपाट काचेवर दाबत नाहीत, उघडी पाळण्यात ठेवून वरून फोटो घेतात, कणा मोडू नये म्हणून, ते उत्तम. फोटोही एकदम स्पष्ट, लाल शाईचे बारीक तडेसुद्धा दिसतात. पण भाच्याने पुस्तक आपल्या सवयीने डावीकडून उघडलं. अरबी उजवीकडून. ४१२ फायली, आणि एक नंबरच्या फायलीत शेवटचं पान, तेच लॅमिनेशनवालं, फ्लॅश पडून पांढरं झालेलं. घरी सगळ्या नातेवाइकांना बोलावून लॅपटॉप टीव्हीला लावला, बिसमिल्ला म्हणून पहिली फाइल उघडली, आणि पडद्यावर ट्यूबलाइट. अब्बा काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलं फक्त. फायली पुन्हा नंबर करून द्यायला तीन आठवडे, पैसे घेतले नाहीत हे खरं. बॉक्सवरचं लेबल पण त्याच कारणाने उलट्या बाजूला, म्हणजे लेबल सुलटं वाचत बॉक्स उघडला की आत पोथी डोक्यावर उभी. ते अजून तसंच आहे.

एक प्रकरण या निमित्ताने घरात झालं तेही सांगतो, कुणाच्या कामी येईल. दोह्याचा चुलत भाऊ म्हणाला, इतकी भारी झालीये तर मी घेऊन जातो, इकडे कदर आहे, बॅगेत कपड्यांमध्ये जाईल. अजिबात नाही. ७५ वर्षांहून जुनं आणि ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित म्हणजे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू, खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्याला फायली पाठवल्या, सुलट्या केलेल्या. तो म्हणे पीडीएफची बरकत वेगळी. असेल बाबा.

ज्यांच्याकडे घरात अशी पोथी आहे, संस्कृत असो मराठी असो फारसी असो, त्यांच्यासाठी काकांनी दिलेल्या सूचना फुकट देतो. डांबरगोळ्या काढा. ऊन देऊ नका (दादी, माफ कर). प्लास्टिकच्या पिशवीत नको, धुतलेल्या, कांजी नसलेल्या सुती कापडात गुंडाळा. आडवी ठेवा. सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन यातलं काहीही सुचलं की घराबाहेर चक्कर मारून या. आणि नुसतं काय आहे ते ओळखायचं, नोंद करायची असेल तर आपल्या पुण्यातच भांडारकर संस्था आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आधी तिथे विचारा, बाइंडरकडे नंतर जा. मी उलटं केलं.

रेटिंग द्यायचंच तर नववींच्या भाषेत देतो. काम सहीह, त्यावर दुसरं मत ऐकून घेणार नाही. पैशाचं अजहर, म्हणजे महाग म्हणणाऱ्याचं म्हणणंही दमदार आहे, ती माझ्याच घरात राहते. तीन महिन्यांत देतो हे कीला.

परवा लेबल बदलून घ्यायला गेलो होतो. काका म्हणाले काढलं तर कापडावर डाग पडेल, राहू दे, तुम्ही बॉक्स उलटा धरत जा.